माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ: प्लग लावायच्या आधी आणि नंतर

भिलवडीला आत्याच्या घरी माळ्यावर एक रेडिओ होता. लाकडी पेटी, पुढे मळकं झालेलं जाड विणीचं कापड, खाली काचेची आडवी पट्टी आणि त्या काचेवर गावांची नावं. जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा आत्या म्हणाली, "घेऊन जा बाबा, भंगारात देववत नाही." मी तो सांगलीला आणला, ओल्या फडक्यानं पुसला आणि त्याच संध्याकाळी प्लग लावला. डायलचा दिवा लागला. मग गुंऽऽ असा जड आवाज सुरू झाला. मग डांबर तापल्यासारखा वास आला आणि मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तपकिरी धूर निघाला. इतकी वर्षं उंदीर-घुशींतून, उन्हाळ्या-पावसाळ्यांतून धडधाकट राहिलेला ट्रान्सफॉर्मर मी दोन मिनिटांत जाळला.

तो पुन्हा भरून मिळायला तीन महिने लागले. आपल्याकडे पंपाच्या मोटारी भरून देणारे गल्लोगल्ली आहेत, पण रेडिओचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे केसासारखी तार, तीन-चार वेगवेगळी वाइंडिंग आणि प्रत्येक थरात कागद. हे काम अंगावर घेणारा माणूस शोधतानाच एक जुने रेडिओ मेकॅनिक भेटले. मी त्यांना नाना म्हणतो. पुढचं जे काही लिहिलंय ते त्यांच्या हाताखाली शिकलेलं आहे, आणि त्यानंतर दुरुस्त केलेल्या अकरा सेटांवर ताडून पाहिलेलं आहे. तुमच्या घरात असा रेडिओ असेल आणि अजून प्लग लावला नसेल, तर कृपा करून शेवटपर्यंत वाचा. एवढी वर्षं थांबलाय तो, आणखी आठ दिवस थांबेल.

१. आधी जात ओळखा

मागचा पुठ्ठा काढा. आत काचेच्या नळ्या दिसतील, तेच व्हॉल्व्ह. प्रत्येकावर नाव छापलेलं असतं. छपाई पुसट असेल तर घासू नका, बोट फिरवलं तरी ती जाते. बॅटरी तिरकी धरून वाचा आणि लगेच कागदावर उतरवून घ्या. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमधला, हेही लिहा. मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तमच.

आपल्याकडे मिळणाऱ्या मर्फी, फिलिप्स, बुश वगैरे सेटांत बहुतेक युरोपी पद्धतीचे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या नावातलं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं.

डी असेल (डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६), तर तो बॅटरीचा सेट. गावात वीज यायच्या आधी घेतलेला. याला दीड व्होल्टची एक आणि ९० व्होल्टची दुसरी अशी बॅटरी लागायची. त्याच्या तारा घरातल्या विजेला जोडल्या तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. जत आणि आटपाडीकडून आलेले असे दोन सेट मी पाहिले. एकाचे व्हॉल्व्ह असेच गेलेले होते.

ई असेल (ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०), तर हीटर (व्हॉल्व्हला आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्टचा आणि आत बहुधा मोठा ट्रान्सफॉर्मर. नवशिक्यासाठी हाच सेट बरा. उचललात की वजनावरूनच कळतं.

यू असेल (यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५), तर तो एसी/डीसी सेट. यात बहुतेक वेळा विजेचा ट्रान्सफॉर्मर नसतोच. सगळे हीटर माळेतल्या बल्बसारखे एकामागोमाग जोडलेले असतात आणि त्यातून १०० मिलिअँपिअर करंट जातो. विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चासी फेजवर. हा सेट पहिला म्हणून हातात घेऊ नका. शिकल्यावर घ्या, आणि तोही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला घरातल्या विजेपासून अलग ठेवणारा) लावूनच.

पुढची अक्षरं व्हॉल्व्हचं काम सांगतात. 'सीएच' स्टेशन पकडून फ्रिक्वेन्सी बदलणारा, 'एफ' ती वाढवणारा, 'एल' स्पीकर चालवणारा, 'झेड' किंवा 'वाय' एसीचा डीसी करणारा, म्हणजे रेक्टिफायर, आणि 'एम' म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा तो हिरवा डोळा. अमेरिकी नावांत पहिला आकडा हीटरचं व्होल्टेज सांगतो: ६ व्ही ६ ला ६.३ व्होल्ट, ५० एल ६ ला ५०.

इथून पुढे मी ई जातीच्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटबद्दलच लिहितोय. यू सेटसाठी वेगळं काही असेल तिथे तसं सांगेन.

२. जमवाजमव

कागदपत्रांत पहिलं म्हणजे सर्किट. पेटीच्या तळाला किंवा मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवलेलं असतं कधी कधी. नसेल तर मॉडेल नंबरवरून शोधा, बहुतेक सेटांचं मिळतं. घरात रेडिओच्या लायसनचं जुनं पोस्टाचं पुस्तक असेल तर तेही जपा. पूर्वी दर वर्षी पोस्टात पैसे भरून त्यात नोंद करून घ्यावी लागे. सेट कोणत्या साली घरात आला, याचा त्याच्याइतका भरवशाचा पुरावा नाही.

हत्यारांत एवढं लागेल:

- डिजिटल मल्टिमीटर, डीसी ६०० व्होल्टपर्यंत मोजणारा
- २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, फ्लक्स
- साधा तारेचा बल्ब, ६० आणि १०० वॅटचा, होल्डरसकट. एलईडी चालत नाही.
- १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना चांगलं इन्सुलेशन असलेल्या क्रोकोडाइल क्लिप लावून
- मऊ रंगाचा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, कानकोरण्याचा कापूस
- टेस्टर, आणि पायाखाली लाकडी पाट किंवा रबरी मॅट

बल्ब आता सहज मिळत नाही. जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मागच्या फळीवर असतो, मागून घ्या. व्हॉल्व्ह आणि जास्त व्होल्टचे कंडेन्सर सांगलीत मिळणं अवघड. मी पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून कंडेन्सर आणतो. व्हॉल्व्हसाठी जुना बाजार किंवा मुंबईचं लॅमिंग्टन रोड.

३. विजेविना तपासणी

याला एक पूर्ण दिवस द्या. नाना म्हणतात, निम्मे दोष नुसत्या डोळ्यांना दिसतात.

धूळ ब्रशनं झाडा. गँगच्या, म्हणजे स्टेशन फिरवल्यावर आत-बाहेर होणाऱ्या पत्र्यांच्या पात्यांवरून ब्रश अगदी हलका फिरवा. पाती वाकडी झाली तर डायलच्या एका जागी कायमची खरखर येते. चासी बाहेर काढायची तर बटणं ओढून काढा, खालचे चार स्क्रू सोडवा आणि स्पीकरच्या तारांची खूण करून ठेवा. स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे स्पीकरला जोडलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, भार नसला की त्याच्यात भलतं व्होल्टेज उसळतं आणि बारीक तार जळून तुटते.

डायलची काच हा सगळ्यात हळवा भाग. गावांची नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगानं छापलेली असतात, आणि तो रंग पाण्यानंसुद्धा सुटतो. बाहेरची बाजू ओल्या कापडानं पुसा, आतल्या बाजूला फक्त कोरडा ब्रश. माझ्या एका सेटवरून कोलंबो आणि कराची अशीच पुसली गेली. ती परत आणायला काही उपाय नाही.

विजेची केबल जुनी, कापडी वेष्टणाची असेल तर ती कापून टाका आणि नवी तीन तारांची घाला. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये हिरवी तार चासीला जोडा. यू सेटमध्ये हिरवी तार चासीला कधीही जोडायची नाही. तिथे न्यूट्रल चासीकडे येईल असा तीन पिनांचाच प्लग लावा आणि टेस्टर लावून खात्री करा. बटणाच्या खाचेतला बारीक स्क्रू चासीला लागलेला असतो, म्हणून त्यावर मेण भरलेलं असायचं. ते पडलं असेल तर पुन्हा भरा.

मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असेल, ती सगळ्यात वरच्या आकड्यावर, २४० किंवा २५० वर ठेवा. आपल्याकडे रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चांगलंच चढतं.

आता मीटर लावा. प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या दोन बारीक पिनांमध्ये, स्विच चालू ठेवून, काही दहा ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर फ्यूज किंवा स्विच पाहा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही शे ओहम, स्पीकरकडच्या बाजूला एक ओहमच्या आसपास. व्हॉल्व्ह एकेक करून सरळ वर काढा. खालून पाहिलं की पिनांच्या वर्तुळात एक मोठी फट दिसते, तिथून घड्याळाच्या दिशेनं मोजा. वर सांगितलेल्या नऊ पिनांच्या सगळ्या व्हॉल्व्हमध्ये ४ आणि ५ या हीटरच्या पिना. त्यांच्यात मीटर वाजला म्हणजे हीटर शाबूत. व्हॉल्व्ह मिळत नाहीत म्हणून लोक आधी व्हॉल्व्हवरच संशय घेतात. माझ्या अकरा सेटांत मिळून तीनच व्हॉल्व्ह बदलावे लागले. दोष व्हॉल्व्हमध्ये नसतो, कंडेन्सरमध्ये असतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. चासीवर ॲल्युमिनियमचे चौकोनी डबे दिसतील, वर भोक आणि आत स्क्रूसारखी खाच. ते आयएफटी, म्हणजे बदललेली फ्रिक्वेन्सी निवडणारे छोटे ट्रान्सफॉर्मर. खाचेतला तो स्क्रू ढिला वाटला तरी कसू नका. तो लोखंडी भुकटीचा गाभा कारखान्यात ठराविक फ्रिक्वेन्सीला, बहुधा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास, जुळवून ठेवलेला असतो. अर्धा फेरा फिरवला की सेट बहिरा होतो, आणि पुन्हा जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो.

४. हे कंडेन्सर आधीच बदला

जुन्या सेटमध्ये मेणकागदाचे कंडेन्सर असतात, पिवळट किंवा काळे, कडेनं मेण ओघळलेले. हवेतली ओल आत शिरून त्यांतून करंट गळायला लागतो. सगळे एकदम बदलायची गरज नाही, पण तीन जागा वीज लावायच्या आधीच बदला.

पहिली जागा आउटपुट, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या, व्हॉल्व्हच्या ग्रिडवरची (ग्रिड म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट कमी-जास्त करणारी जाळी). आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून (करंट गोळा करणाऱ्या पत्र्यापासून) ईएल ८४ च्या २ नंबरच्या पिनेपर्यंत येणारा हा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. त्याच्या एका टोकाला शंभरेक व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य असायला हवं. तो थोडा जरी गळला तरी ग्रिडवर अधिक व्होल्टेज येतं, ईएल ८४ मोकाट करंट ओढतो, त्याची प्लेट लाल होते, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग रेक्टिफायर, मग मुख्य ट्रान्सफॉर्मर. माझा सेट याच साखळीनं गेला. आणि सोबत फिल्टरचा, म्हणजे रेक्टिफायरनंतरची गुणगुण गाळणारा, कंडेन्सरही गळत होता. आठ-दहा रुपयांचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर घातला असता तर सगळं वाचलं असतं.

दुसरी जागा फिल्टरची. चासीवरचा उभा ॲल्युमिनियमचा डबा, बहुधा ५०+५० मायक्रोफॅरड. डबा शोभेसाठी तसाच राहू द्या, तारा सोडवा आणि खाली नवे ४०० किंवा ४५० व्होल्टचे लावा. इथे सापळा असा, की गुणगुण जावी म्हणून लोक शंभर किंवा दोनशे मायक्रोफॅरडचा ठोकतात. ईझेड ८० ला पहिल्या जागी ५० पेक्षा जास्त चालत नाही. सुरू होताना मोठा कंडेन्सर इतका करंट ओढतो की रेक्टिफायरच्या आत ठिणगी पडते. पहिल्या जागी ४७ चाच घाला, हवं तर दुसऱ्या जागी थोडा मोठा. डाव्या-उजव्या टोकांचा अधिक-उणा दोनदा तपासा.

तिसरी जागा विजेच्या तारांवरची. फेज-न्यूट्रलमध्ये कंडेन्सर असेल तर तिथे एक्स-टू दर्जाचा, आणि विजेपासून चासीपर्यंत असेल तर वाय-टू दर्जाचाच. साधा ६३० व्होल्ट डीसीचा चालत नाही.

५. पहिली वीज: बल्बच्या मागून

फेजच्या तारेत १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्बमध्येच खर्च होते, बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो.

आधी ईझेड ८० काढून ठेवा. आता स्विच चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे आणि बाकीच्या व्हॉल्व्हमध्ये विटकरी रंगाची बारीक धग दिसली पाहिजे. अर्धा तास तसंच राहू द्या. ट्रान्सफॉर्मर कोमट झाला तर चालेल. बल्ब उजळच राहिला तर ट्रान्सफॉर्मर आतून शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

मग बंद करून ईझेड ८० बसवा आणि पुन्हा लावा. वीसेक सेकंदांनी बल्ब थोडा उजळेल, कारण आता सेट करंट ओढायला लागला. पाच मिनिटं नजर न हलवता बघा. वास, चटचट, कुठलीही लाल प्लेट दिसली की लगेच बंद. बल्बमधून सेटला व्होल्टेज कमी मिळतं, त्यामुळे स्टेशन लागलं नाही तरी घाबरू नका.

सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट वीज द्या आणि व्होल्टेज मोजा. मीटरची काळी क्लिप आधीच चासीला लावून ठेवा. एक हात खिशात, दुसऱ्या हातात फक्त लाल तार. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. घरात दुसरं माणूस जागं असू द्या आणि मेन स्विच कुठे आहे ते त्याला माहीत असू द्या. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं, ते माणसाला सोडत नाही.

ईएल ८४ च्या ७ आणि ९ नंबरच्या पिनांवर साधारण २०० ते २५०, ३ नंबरवर सात व्होल्टच्या आसपास, २ नंबरवर शून्य. काही सेटांत २ नंबरवर मुद्दाम उणे व्होल्टेज दिलेलं असतं, ते बरोबर आहे. अधिक मात्र कधीच नको. ९ वर व्होल्टेज आहे आणि ७ वर नाही, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार तुटली. लगेच बंद करा, नाहीतर आतली जाळी लाल होऊन व्हॉल्व्हही जाईल.

काम थांबवताना प्लग काढा आणि १० किलोओहमचा रेझिस्टर फिल्टर कंडेन्सरच्या टोकांवर पाच सेकंद धरा. इन्सुलेशनलाच हात लावायचा. मग मीटरनं शून्य बघा. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असं समजू नका.

६. आवाजावरून दोष

व्हॉल्यूम पूर्ण कमी करूनही गुणगुण तशीच: फिल्टरचा कंडेन्सर, किंवा त्याच्याकडे जाणारं ड्राय (नीट न धरलेलं) सोल्डर. व्हॉल्यूमबरोबर गुणगुण कमी-जास्त होते: दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात.

अगदीच मुका: व्हॉल्यूमच्या मधल्या पिनेला इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा. स्पीकरमध्ये भुर्रर्र झालं तर मागचा अर्धा भाग ठीक, दोष पुढच्या रेडिओच्या भागात. यू सेटवर हा प्रयोग करू नका.

बटण फिरवताना खरखर: व्हॉल्यूम आणि बँड स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, मग वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवा.

आवाज फाटका, जरा वेळानं आणखी फाटतो: पुन्हा तोच ग्रिडचा कंडेन्सर, किंवा वाढलेला रेझिस्टर. जुने कार्बनचे रेझिस्टर वर्षांनुवर्षं वाढत जातात. २२० किलोओहमच्या जागी मला ३९० दिसलेला आहे. वीज बंद असताना मोजा. वीस टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर बदला.

एका बँडवर चालतो, दुसऱ्यावर नाही: नव्वद टक्के वेळा बँड स्विचचा मळ.

काटा हलत नाही: डायलची दोरी तुटली किंवा घसरली. दोरी ओवायच्या आधी तिचा मार्ग कागदावर काढून ठेवा, कुठल्या चाकाला किती वेढे तेही. मी एका सेटची दोरी ओवायला दोन रविवार घालवले. मासेमारीची नायलॉन दोरी ताणते, म्हणून वळलेली बारीक, न ताणणारी दोरी घ्या.

हिरवा डोळा फिका पडला असेल तर ते त्याचं वय. त्याचा काचेवरचा लेप वापरानंच झिजतो. सेट बाकी उत्तम चालतो.

७. पुरात भिजलेला सेट असेल तर

कृष्णाकाठच्या वाचकांसाठी हे वेगळं लिहितो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगली, पलूस, वाळवा भागातल्या कितीतरी घरांतून असे रेडिओ गाळात सापडले. प्लायवूडची पेटी पापुद्रे सुटून गेलेली असते, स्पीकरचा कागदी कोन विरघळलेला असतो. पण चासी वाचू शकते.

व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवा. चासीवरचा गाळ स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि महिनाभर उन्हात, रात्री घरात, अशी वाळू द्या. गाळ वाळून घट्ट व्हायच्या आत धुतला तर बरा. मग ट्रान्सफॉर्मर सोडवून मोटारी भरणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, असतो. ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि लोखंडी पत्र्यांमध्ये मोजायला सांगा. काही मेगओहम आले तर आशा आहे. एक मेगओहमच्या खाली असेल तर आणखी वाळवा. पुन्हा तेच आलं तर नाद सोडा आणि त्यातले व्हॉल्व्ह, बटणं, गँग दुसऱ्या सेटसाठी जपून ठेवा.

८. एरियल आणि अर्थ

सेट दुरुस्त झाला आणि काही लागतच नाही, म्हणून निराश झालेले लोक मी पाहिलेत. एरियलच्या भोकात दोन फुटांची तार खुपसलेली असते. पूर्वी पडवीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली जाळीची पट्टी टांगलेली असायची, आठवत असेल. ती शोभेची नव्हती.

दहा-पंधरा मीटर इन्सुलेटेड तांब्याची तार गच्चीवरून झाडापर्यंत ताणा, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधा. विजेच्या तारांच्या जवळून किंवा वरून नेऊ नका. तार तुटून पडली तरी त्यांना लागणार नाही, एवढं अंतर हवं. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला अर्थही द्या, खरखर लगेच कमी होते. यू सेटला थेट अर्थ द्यायचा नाही. एप्रिल-मे मध्ये ढग दाटले, वळवाची चिन्हं दिसली की एरियल सेटमधून काढून घराबाहेर टाका. वीज जवळ पडली तर त्या तारेतून ती थेट दिवाणखान्यात येते.

आजचा खरा शत्रू मात्र घरातच आहे: एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर मध्यम लहरीवर लावून हातात धरा आणि एकेक एमसीबी पाडत जा. खरखर ज्या एमसीबीबरोबर थांबली, त्या खोलीत गुन्हेगार. आमच्या घरी तो देवघरातला समईच्या आकाराचा एलईडी दिवा निघाला. आणि व्हॉल्व्हचा सेट स्वस्तातल्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि गुणगुण वाढते.

९. काय आणि कधी ऐकायचं

जुन्या डायलवर मीटर लिहिलेले असतात, आज सगळे किलोहर्ट्झ सांगतात. ३,००,००० ला किलोहर्ट्झनं भागलं की मीटर येतात. सांगली आकाशवाणीची मध्यम लहरीवरची जागा १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे २४० मीटर. पुणे ७९२, म्हणजे ३७९ मीटर. धारवाड ७६५, म्हणजे ३९२ मीटर. अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद झालेत, म्हणून सेटला दोष द्यायच्या आधी ट्रान्झिस्टरवर ती जागा ऐकून बघा. तिथे लागलं तर इथे लागायला हवं. साताऱ्याची आकाशवाणी १०३.१ मेगाहर्ट्झवर एफएमवर आहे. एफएमचा पट्टा नसलेल्या सेटवर ती येणार नाही, कितीही डायल फिरवली तरी.

दिवसा जवळचीच स्टेशनं लागतात, कारण आयनांबराचा, म्हणजे हवेच्या खूप वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरचं स्टेशन तुमच्या खोलीत येतं. दिवेलागणीची ती पंधरा-वीस मिनिटं चुकवू नका. एक स्टेशन बुडतं, त्याच जागी दुसऱ्या भाषेतलं वर येतं, आणि डोळ्याची हिरवी पाकळी श्वास घेतल्यासारखी उघडते-मिटते. कोयनेच्या खोऱ्यात किंवा जावळीत नातेवाईक असतील तर एकदा सेट घेऊन तिथे राहायला जा. विजेची खरखर इतकी कमी, की मी पहाटे चार वाजेपर्यंत सेटसमोरून उठलो नाही.

लघुलहरीवर २५, ३१, ४१ आणि ४९ मीटरचे पट्टे रात्री चाळा. १९५२ नंतर आकाशवाणीवर सिनेसंगीत जवळजवळ बंद झालं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र बुधवारी संध्याकाळी याच लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधायचा. १९५७ मध्ये विविध भारती आली ती त्याला उत्तर म्हणून. बीबीसीची हिंदी लघुलहर सेवा २०२० च्या जानेवारीअखेर थांबली, पण चीन आणि इराणकडची प्रसारणं अजून या पट्ट्यांवर भेटतात.

मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकांचं सॉकेट असेल, तर ब्लूटूथचा बॅटरीवरचा छोटा रिसीव्हर तिथे जोडता येतो. डावी आणि उजवी तार प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करा आणि एका भोकात द्या. आकाशवाणीचं मोबाइल ॲप त्यावरून लावलं की आजचं प्रसारण त्या जुन्या स्पीकरच्या भरदार खर्जात येतं. यू सेटला हे कधीही जोडू नका.

१०. पेटी

घाईनं पॉलिश पेपर मारू नका. वरचं लाकूड कागदाइतकं पातळ व्हिनिअर असतं, घासलं की खालचं हलकं लाकूड उघडं पडतं. मिरजेला सतारी-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांकडे जा. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जे लाखेचं पॉलिश ते चढवतात तेच या पेटीला शोभतं. मी नुसता विचारायला गेलो होतो. त्यांनी पेटी ठेवून घेतली आणि आठवड्यानं परत दिली, तेव्हा व्हिनिअरमधल्या रेषा पहिल्यांदा दिसल्या. पुढचं कापड कोमट पाण्यात रिठ्यानं, न चोळता धुवा.

सेट तयार झाल्यावर पंधरवड्यातून एकदा तासभर लावत जा, पावसाळ्यात तर नक्कीच. आतल्या उबेनं ओल निघून जाते आणि कंडेन्सर टिकतात. मागे चार बोटं जागा मोकळी सोडा, वर विणलेला रुमाल टाकू नका.

आणि पेटी बंद करायच्या आधी बॅटरी घेऊन आतल्या लाकडावर बघा. जुने मेकॅनिक दुरुस्तीची तारीख आणि काय बदललं ते पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. आत्याच्या सेटमध्ये डाव्या कोपऱ्यात '१२/३/६९ आउटपुट' एवढंच लिहिलं होतं. मी त्याच्याखाली पेन्सिलीनं आमची तारीख लिहिली, बदललेल्या कंडेन्सरांचे आकडे लिहिले, आणि पुठ्ठा लावला.